लहान पडद्यावर कोणाला झाकायचे

१९९९ साली, दिवाळीच्या थोडे आधी, नगरच्या एका दैनिकाच्या वेबपानावरून एका साखर कारखान्याचे चेअरमन आपल्याच वाढदिवशी दिसेनासे झाले. फक्त लहान पडद्याच्या संगणकांवर दिसेनासे झाले; मोठ्या पडद्यांवर ते हात जोडून उभे होते. त्या दैनिकाचा इंटरनेट संपादक मी होतो. ज्यांनी चेअरमनना झाकले त्यांना आम्ही सगळे पेंटर म्हणत असू.

"कोन कोनावर बसलंय ते आदी बघा," हे त्यांचे नेहमीचे वाक्य. पानावर काही बिघडले की ते खुर्ची मागे सरकवत, एक डोळा मिटत, डावा तळवा पडद्याच्या उजव्या भागावर उभा धरत आणि हे वाक्य म्हणत. तळवा धरला की पडदा तेवढा अरुंद होतो आणि अरुंद पडद्यावर पान कसे दिसेल ते कळते, असे त्यांचे म्हणणे. प्रत्यक्षात तळव्यामागचे फक्त झाकले जाई, सरकत नसे. हे मी त्यांना अनेकदा समजावले. ते मान हलवत आणि पुन्हा तळवा धरत.

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. बरोबर असो की चूक, त्याचा आवाज तोच राहतो.

पेंटर नेवासा तालुक्यातले. वय चाळिशीच्या पुढे, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि आयुष्यभर रंगात हात घालूनही त्या शर्टावर कधी ठिपका पडला नाही याचा अभिमान. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरे, निवडणुकीतल्या भिंती, त्यांच्या वस्तीतल्या विहाराची कमान, असे सगळे त्यांनी रंगवले होते. पाट्या संगणकावर कापलेल्या अक्षरांच्या होऊ लागल्या तेव्हा ते आमच्याकडे पाने लावायला आले. संगणकाच्या अक्षरांबद्दल त्यांचे मत वाईट होते. कोणत्याही फॉन्टकडे बोट दाखवून ते सांगत, "ह्याचा ल लंगडा हाय." मी निरखून बघे. मला तो सरळच दिसे.

त्यांच्याबरोबर कापडबाजारात चहाला गेले की ते पाट्या वाचत नसत, पाट्यांच्या खालचे वाचत. या मेडिकलच्या खाली सायकलचे दुकान आहे, त्याच्या खाली खानावळ आहे, असे सांगत चालत. जुनी अक्षरे खरवडायची नाहीत, वरून रंगाचा हात मारायचा, हा त्यांचा शिरस्ता होता. एकदा एका सराफाच्या पाटीवरचा रंग उन्हाने उडाला आणि आतून पंक्चर काढून मिळण्याची सूचना वर आली. सराफ भांडायला आमच्या कार्यालयात आला. पेंटर त्याला म्हणाले, "ते तुमच्या आदी आल्यालं हाय. बसू द्या की जरा."

इंटरनेट विभागात आम्ही दोघेच होतो. पुण्याला जाऊन एक छोटा अभ्यासक्रम केल्यामुळे मी संपादक झालो, न केल्यामुळे ते मदतनीस. मला सतरा इंची मॉनिटर मिळाला. जिल्ह्यातल्या दुसऱ्या कोणत्याही वर्तमानपत्रात असा मॉनिटर नाही असे मी सगळ्यांना सांगत असे. कोणी विचारत नसे तरी. पदनाम छापलेली व्हिजिटिंग कार्डे मी करून घेतली. आमचे पान अमेरिकेत वाचले जाते अशी बातमी मीच लिहिली आणि मीच पहिल्या पानावर घेतली. अमेरिकेतून पत्र आले नाही.

कामाची वाटणी स्पष्ट होती. पान कसे दिसावे हे मी ठरवायचे. ते तयार करून फोनच्या तारेवरून पुण्याच्या सर्व्हरवर चढवायचे पेंटरनी. सर्व्हरचा पासवर्ड त्यांनी मला दोन-तीनदा सांगितला होता. अशा गोष्टी संपादकाने लक्षात ठेवायच्या नसतात, असे माझे मत होते.

चेअरमनच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात आमच्याकडे दरवर्षी येई. वाचकांनी अशी पाने पाहिलेली आहेत. एका बाजूला सत्कारमूर्तींचा हात जोडलेला मोठा फोटो. दुसऱ्या बाजूला शुभेच्छुकांचे पासपोर्ट आकाराचे फोटो, रांगेने, मानाप्रमाणे. वर संचालक, मग बाजार समितीवाले, मग गावोगावचे सरपंच, शेवटी उरलेले. कोण कोणाच्या वर, यावरून जाहिरात विभागाचा फोन दिवसभर वाजत राही. त्या वर्षी कार्यकर्त्यांना हेच पान इंटरनेटवरही हवे होते. छापील पानातली जागा संपल्यामुळे शेवटच्या रांगेला फक्त इंटरनेटवर जागा देण्यात आली.

त्या शेवटच्या रांगेत पेंटरची आक्का होती.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली; त्यांना आक्कांनीच वाढवले. त्यांचा पहिला ब्रश आक्कांनी नेवाशाच्या बाजारातून आणून दिला होता. गावचे सरपंचपद त्या खेपेला अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव झाले आणि आक्का सरपंच झाल्या. पंचायतीच्या बैठकीत खुर्चीवर उपसरपंच बसत. आक्कांसाठी सतरंजी असे. शुभेच्छुकांत आपला फोटो येणार आहे, असे आक्कांनी गावात सांगितले, तेव्हा उपसरपंचांनी पारावर बसून जाहीर केले की असा काही फोटोच नाही. त्यावर आक्कांनी ठरवले की वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, बाजाराला, गावातल्या बायकांना घेऊन नेवाशाच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये जायचे आणि फोटो सगळ्यांना दाखवायचा. हे पेंटरनी मला सांगितले होते. मी म्हणालो होतो, वा.

पान मी रचले. चेअरमनचा फोटो पानाच्या उजव्या कडेला बांधला, शुभेच्छुकांच्या रांगा डाव्या कडेला. माझ्या मॉनिटरवर दोघांच्या मध्ये ऐसपैस जागा होती. पेंटरनी तळवा धरला. मग माझ्या समाधानासाठी पडद्याची रुंदी आठशे ठिपक्यांवरून सहाशे चाळीसवर आणली. उजवी कड डावीकडे सरकली. तिच्याबरोबर चेअरमन सरकले आणि शुभेच्छुकांच्या अंगावर जाऊन उभे राहिले. वरच्या रांगांत माणसे थोडी होती, त्या वाचल्या. खालच्या रांगा भरगच्च होत्या. त्या साहेबांच्या जाकिटाखाली गेल्या. जिल्ह्यात तेव्हा जे थोडे संगणक होते, त्यांतले बहुतेक चौदा इंची आणि सहाशे चाळीसवर चालणारे होते. नेवाशाच्या क्लासमधले सगळे तसेच.

यावर उपाय होता. पान उघडताना पडद्याची रुंदी तपासायची आणि पडदा लहान निघाला तर वेगळी स्टाइलशीट लावायची. स्टाइलशीट म्हणजे पानावरचा कोणता खोका कुठे आणि केवढा दिसावा हे सांगणारी फाइल. तिच्यात एखाद्या खोक्यापुढे 'दाखवू नये' अशा अर्थाची ओळ घातली की तो खोका पानात राहतो, पण दिसत नाही. प्रश्न एवढाच होता की कोणता खोका.

उपसंपादक म्हणून मी पहिली गोष्ट शिकलो ती ही, की जागा कमी पडली तर बातमी खालून कापायची. महत्त्वाचे वर असते. खालचे गेले तर कोणी विचारत नाही. चेहऱ्यांनाही मी हाच नियम लावला आणि पेंटरना सांगितले की लहान पडद्यावर खालच्या रांगा झाकून टाका.

"रांग गेली तर आक्का गेली," ते म्हणाले.

मी म्हणालो, मोठ्या पडद्यावर दिसतील की.

"नेवाशात मोठा पडदा टुरिंग टॉकीजला हाय फक्त."

मग मी त्यांना बातमीची रचना समजावून सांगितली. फळ्यावर आकृतीही काढली. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"म्हंजी वरचा माणूस खालच्यावर बसला, आन उठवायचं खालच्याला."

मी म्हणालो, प्रश्न जागेचा आहे.

"व्हय, जागेचाच हाय," ते म्हणाले. मग "बरं" म्हणाले आणि यंत्राकडे वळले. ते 'बरं' मी होकार समजलो. संध्याकाळी माझ्या सतरा इंची मॉनिटरवर पान पाहिले. चेअरमन होते, रांगा होत्या. मी 'तपासले' असे लिहून सही केली. लहान पडद्याचे यंत्र खालच्या मजल्यावर हिशेब विभागात होते. जिना उतरावा लागला असता.

वाढदिवसाच्या सकाळी प्रात्यक्षिकासाठी मला कारखान्यावर पाठवण्यात आले. चेअरमनच्या दालनात चौदा इंची संगणकाला हार घातला होता. संचालक, कार्यकर्ते, पेढे. मी प्रथम सर्वांना माझी कार्डे वाटली. मग मोडेमने शिट्ट्या मारल्या, फोन लागला आणि पान उतरू लागले. आधी मोठ्या अक्षरांत चेअरमनचे नाव आणि शुभेच्छा. मग वरची रांग. प्रत्येक जण स्वतःला शोधत होता आणि सापडला की मागे सरकून दुसऱ्याला जागा देत होता. रांगा उतरत गेल्या. शेवटचीही उतरली. पेंटरनी माझे ऐकलेले नाही एवढे मला तेव्हा कळले. पुढचे कळले नाही.

आता साहेबांची वाट बघणे सुरू झाले. मोडेमचे दिवे लुकलुकत होते. मी सांगितले की फोटो मोठा आहे, त्यामुळे यायला वेळ लागतो. यात खोटे काही नव्हते. झाकलेला फोटोही तारेवरून येतोच, फक्त दाखवला जात नाही. पेंटरना हे माहीत नव्हते. झाकले की वजन कमी होते, अशी त्यांची समजूत होती. चेअरमन त्या यंत्रापर्यंत पूर्ण पोचले होते. चहा आला. दिवे थांबले. मी म्हणालो, येतोय.

चेअरमन म्हणाले, "वाढदिवस नक्की कोनाचा हाय?"

हसायचे की नाही हे कोणाला ठरवता येईना. चेअरमननी चष्मा लावला, पडद्याजवळ वाकले आणि खालच्या रांगेवर बोट ठेवून ही बाई कोण म्हणून विचारले. कोणीतरी गाव सांगितले. "आपल्याकडची सरपंच हाय, आन मला दाखवली न्हाई कोनी," एवढे बोलून ते केक कापायला गेले. ते रागावले होते का, याची खात्री मला करता आली नाही. त्यांच्या वतीने मात्र दालनातले सगळे रागावले. मी नगरला पोचायच्या आत फोन पोचला होता आणि कारखान्याच्या जाहिराती बंद झाल्या होत्या.

मालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावले. मी सहाशे चाळीस ठिपक्यांपासून सुरुवात केली. मालक म्हणाले, ठिपके नकोत, नाव सांगा.

"मी झाकलं," पेंटर म्हणाले.

"चेअरमनना? त्यांच्याच वाढदिवसाला?"

"मालक, तेंला समदा तालुका वळखतो. फोटू न्हाई दिसला तर तेंचं काय जानार? नाव वर एवढं ढोबळं लिवलंय. आक्काला गावातच कोन धरत न्हाई. उद्या बाजार हाय, ती बायका घिऊन येनार हाय. उद्याच्या दिवस ऱ्हाऊ द्या. परवा मीच झाकतो तिला."

हे ते ज्या आवाजात लंगड्या 'ल'बद्दल बोलत त्याच आवाजात बोलले. मालकांनी समोरचे जाहिरातींचे रजिस्टर मिटले. मग त्यांनी सांगितले की साहेबांचा फोटो आत्ताच्या आत्ता दिसला पाहिजे, खालच्या रांगा झाका, आणि पेंटरनी उद्यापासून यायचे नाही. पान तपासले कोणी, असेही त्यांनी विचारले. मी म्हणालो, मी. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विषय सोडला. कार्डे छापून झाली होती, हे कारण असावे.

पेंटरनी पिशवी उचलली. दाराशी थांबले तेव्हा मला वाटले, काही बोलतील. "पंखा खिडकीकडून लावू नका," ते म्हणाले. "मशीनवर धूळ बसती." आणि नेवाशाची एसटी धरायला गेले.

मी त्यांच्या यंत्रावर बसलो. पेंटरनी खोक्यांना आपली नावे दिली होती: कारखान्याच्या चित्राला चिमणी, शुभेच्छुकांना रांग, चेअरमनना साहेब. पडदा लहान असेल तर साहेब दाखवू नये, अशी ती ओळ होती. ती मी फाइलमध्ये बदलली. पान चढवायला गेलो तेव्हा सर्व्हरने पासवर्ड मागितला. तो कोणत्या तरी गावाचे नाव होते एवढे मला आठवत होते. मी नेवासा घालून पाहिले, मग श्रीगोंदा, राहुरी, शेवगाव. तालुके संपल्यावर जिल्ह्याबाहेर गेलो. सर्व्हरने उत्तर देणे बंद केले. पेंटरना विचारायचे तर त्यांच्या गावात फोन एकच होता आणि तो उपसरपंचांच्या घरी होता. दुसऱ्या दिवशी रविवार, पुण्याच्या कंपनीला सुट्टी. लाइन खराब आहे, असे मी मालकांना सांगितले.

पुढे काही सहकाऱ्यांनी मला बाजूला घेऊन माझे कौतुक केले. मी मुद्दाम उशीर केला, माणुसकी दाखवली, असे त्यांचे म्हणणे. मी पासवर्ड विसरलो होतो. तसे मी सांगितलेही. कोणी विश्वास ठेवला नाही, आणि मीही तो खुलासा फार जोरात केला नाही.

रविवारी काय घडले ते आमच्या नेवाशाच्या वार्ताहराने कळवले. क्लासचालकाकडून मी त्याची खातरजमा केली. दुपारी आक्का बायकांना घेऊन आल्या. बरोबर पेंटर होते. बायकांनी चपला बाहेर काढल्या. क्लासचालकाने खुर्ची पुढे केली; आक्का आधी बसेनात, मग बसल्या. नगरला फोन लागला, पान उतरले, शेवटची रांग आली. एक बाई म्हणाली, "आक्के, लई रागात दिसती गं."

"स्टुडिओवाल्यानं हसू दिलं न्हाई," आक्का म्हणाल्या.

बायकांनी गावातली आणखी ओळखीची तोंडे शोधली. उपसरपंच वरच्या एका रांगेत सापडले; त्यांच्या टोपीवर थोडी चर्चा झाली. मग आक्कांनी विचारले, "आन साहेब कुठं हायेत?"

"मागं हायेत," पेंटर म्हणाले.

"बरे हायेत ना?"

"बरे हायेत."

काचेवर धूळ होती. आक्कांनी ती पदराने पुसली. स्वतःच्या फोटोपुरती नाही. वरपासून खालपर्यंत, सगळ्या रांगांवरून. वार्ताहराने याची बातमीही पाठवली होती. ती लागली नाही.

सोमवारी पुण्याहून माणूस आला. त्याने पान पाहिले आणि विचारले की साहेबांचा फोटो वर आणि रांगा त्याच्या खाली, असे का करत नाही. वेबपानाला खालची कड नसते, ते हवे तेवढे लांबवता येते. मी वर्तमानपत्रात वाढलो आणि पेंटर पाट्यांवर. आमच्या दोघांच्याही पानाला आजवर खालची कड होती. त्याने चहा थंड व्हायच्या आत ते काम केले. लहान पडद्यावर कोणालाही झाकावे लागले नाही. नवा पासवर्ड त्याने मला सांगितला आणि लिहून घ्यायला लावला.

आठवडाभराने जाहिराती पुन्हा सुरू झाल्या. मालकांनी पेंटरना बोलावून आणायला सांगितले. मी त्यांच्या गावी गेलो. आक्का घरी होत्या. पेंटर श्रीगोंद्याकडे गेला आहे, तिकडच्या एका कारखान्याच्या चिमणीवर नाव काढायला, असे त्यांनी सांगितले. चहा ठेवला. तो होईपर्यंत म्हणाल्या, "मी अजून हाय का तितं?"

मी सांगितले की आहात, खाली आहात, पान थोडे ओढावे लागते.

"आन साहेब?"

"वर आहेत."

"म्हंजी समदे हायेत," आक्का म्हणाल्या आणि चहा गाळला.

दुसऱ्या दिवशी मी श्रीगोंद्याकडच्या त्या कारखान्यावर गेलो. उसाचे गळीत सुरू व्हायचे होते. चिमणीवर कारखान्याचे नाव वरून खाली लिहून पूर्ण झाले होते. दोर अजून वरून लोंबत होता. मुकादमाने सांगितले की काम आदल्या दिवशी संपले आणि पेंटर एका टेम्पोत बसून पुढच्या कामाला गेले. कुठे, ते त्याला माहीत नव्हते.